अठरा पूर्ण की नाही : वय तपासणीचं दार बसवतानाच्या नोंदी

रोज काम संपलं की वहीत चार ओळी लिहीत गेलो, त्याच इथे थोड्या साफ करून देतोय. वेबसाइटवर वय तपासणी बसवायचं असं काम आता बऱ्याच जणांकडे येणार आहे, आणि आमचे जे दिवस वाया गेले ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत. गिऱ्हाइकाचं आणि वय तपासून देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही.

२ जून २०२५, सोमवार

ब्रिटनमधल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याची प्रौढांसाठीची साइट आहे: लेखी कथा, चित्रकथा आणि थोडे व्हिडिओ, सगळं त्यांचं स्वतःचं. ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी कायदा २०२३ सालचा, पण पक्की वय तपासणी स्वतःचा मजकूर छापणाऱ्या अशा साइटवर १७ जानेवारी २०२५ पासूनच सक्तीची, बाकी साइटवर २५ जुलैपासून. म्हणजे २५ जुलैच्या आत सगळ्यांचंच दार बसलेलं हवं. देखरेख ऑफकॉमकडे, म्हणजे तिथल्या दूरसंचार आणि प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे. दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे मोठं असेल ते.

आत्ता साइटवर नुसतं एक बटण आहे, 'मी १८ वर्षांचा आहे'. ते दाबलं की आत.

मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघंच. सांगलीत विश्रामबागेत एका गाळ्यात बसून वेबसाइटची मागची बाजू सांभाळतो. काम घ्यावं का, यावर घरी बोललो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला दार बसवायचंय ना? मग घ्या की." १ लाख ८० हजारांना ठरलं. तीन आठवड्यांत होईल असं मी सांगून बसलो. हा पहिला चुकलेला हिशेब.

५ जून, गुरुवार

ऑफकॉमची मार्गदर्शिका छापून आणली आणि दिवसभर वाचली. पैसे ठरवायच्या आधी वाचायला हवी होती.

चालणाऱ्या पद्धती अशा: फोटो असलेलं ओळखपत्र चेहऱ्याशी ताडणं, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, क्रेडिट कार्ड, बँकेकडून किंवा मोबाइल कंपनीकडून होकार, डिजिटल ओळख सेवा, ईमेलवरून अंदाज. न चालणाऱ्या: स्वतःहून टिक करणं, डेबिट कार्ड, आणि 'ही साइट प्रौढांसाठी आहे' अशी अटींमधली ओळ. तपासणी होईपर्यंत आणि होत असताना आतलं एकही चित्र दिसता कामा नये. तपासणीला बगल कशी द्यावी हे साइटने सुचवायचंही नाही. गिऱ्हाइकाच्या मदत-पानावर व्हीपीएनविषयी (आपण कुठल्या देशातून आलो ते लपवणारी सोय) एक उत्साही परिच्छेद होता, तो आजच काढायला लावला.

एक गोष्ट वाचल्यामुळे वाचली. जी साइट स्वतःचा मजकूर छापते, तिच्या बाबतीत नुसत्या अक्षरांतला मजकूर या सक्तीतून वगळलेला आहे. म्हणजे कथा बाहेर ठेवता येतात, चित्रकथा आणि व्हिडिओ दाराआड. काम अर्धं झालं असं नाही, पण दार कुठे बसवायचं ते कळलं.

पॉर्नहब या प्रौढांच्या मोठ्या साइटच्या मालक कंपनीने कालपासून फ्रान्समधली सेवा बंद केली, कारण तिथल्या वय तपासणीचा वाद. पण फ्रान्सच्या नियमातली एक कल्पना मला फार आवडली, दुहेरी अनामिकता: तपासणाऱ्याला साइट कळू नये आणि साइटला माणूस कळू नये. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली.

१० जून, मंगळवार

आधी क्रेडिट कार्डाचा मार्ग बांधला. ब्रिटनमध्ये १८ च्या आत क्रेडिट कार्ड मिळत नाही, म्हणून तो धरला जातो. शून्य रकमेची विनंती पाठवायची, बँकेने हो म्हटलं की दार उघडायचं. चार दिवसांत झालं.

आज संध्याकाळी सहज माझं डेबिट कार्ड घातलं. दार उघडलं.

मार्गदर्शिकेत डेबिट चालत नाही हे मी स्वतः अधोरेखित केलं होतं, पण कोडमध्ये कार्डाचा प्रकार तपासलाच नव्हता. बँकेचा होकार आला एवढंच बघत होतो. उत्तरात क्रेडिट, डेबिट, प्रीपेड असा प्रकार येतो, तो वाचून फक्त क्रेडिट आत सोडलं. बापाचं कार्ड पोराने वापरलं तर काय, म्हणून कार्डधारकाच्या फोनवर बँकेची मंजुरीही मागायला लागलो. त्यात आणखी दीड दिवस.

१६ जून, सोमवार

चेहऱ्यावरून वयाचा अंदाज. ही सेवा बाहेरच्या कंपनीची, आम्ही फक्त जोडणी करतो. कॅमेऱ्यात बघायचं, यंत्र अंदाजे वय सांगतं. माणूस कोण ते ओळखत नाही, किती वर्षांचा दिसतो तेवढंच. अंदाज चुकतो म्हणून उंबरठा १८ वर ठेवायचा नाही. आम्ही २५ ठेवला: २५ च्या वर दिसला तर आत, खाली दिसला तर दुसरा मार्ग.

ओळखीच्या बारा जणांना विचारून, समजावून, त्यांची परवानगी घेऊन चाचणी केली. सगळे सज्ञान. तिशीतला एक मित्र दाढी करून आला होता, त्याला २३ धरलं. २२ वर्षांची एक मुलगी २७ ठरली. आईला मात्र तीनदा 'चेहरा दिसत नाही' असं आलं. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, मागून ऊन. समोर वळवल्यावर एका झटक्यात झालं. मग लाइट गेली, आणि इन्व्हर्टरच्या एका बल्बवर पाचपैकी तिघांना यंत्राने परत पाठवलं.

अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने मे २०२४ मध्ये अशा सहा प्रणाली तपासल्या होत्या. बायकांच्या चेहऱ्यांवर चूक जवळजवळ नेहमीच जास्त होते, फोटोच्या दर्जाने आणि माणूस कुठल्या प्रदेशातला आहे त्यानेही फरक पडतो, असं त्यात निघालं. आमचे बारा जण म्हणजे काही अभ्यास नव्हे, पण धडा घेतला. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी 'उजेडाकडे तोंड करा' ही ओळ घातली, आणि दोनदा जमलं नाही की तिसऱ्यांदा हट्ट न धरता ओळखपत्राचा किंवा कार्डाचा पर्याय पुढे केला.

२४ जून, मंगळवार

आजची नोंद लांब आहे, कारण या कामातली सगळ्यात मोठी चूक आज सापडली.

ओळखपत्राच्या मार्गाची चाचणी भागीदाराने स्वतःच्या पासपोर्टवर केली होती. चालली. आज दुसऱ्याच कुठल्या तरी अडचणीसाठी लॉग (सर्व्हर आपोआप लिहितो त्या नोंदी) चाळताना त्याला स्वतःची जन्मतारीख दिसली. तो म्हणाला, "हे इथं कसं?" मग त्या तारखेचा सगळीकडे शोध मारला.

सात ठिकाणी सापडली. सर्व्हरच्या लॉगमध्ये, कारण जोडणी करताना कंपनीचं उत्तर जसंच्या तसं छापायची ओळ मी घातली होती आणि काढायची राहिली. चुका पकडणाऱ्या बाहेरच्या सेवेत, कारण एकदा विनंती फसली तेव्हा तिने अख्खं उत्तर उचलून नेलं. डेटाबेसच्या एका रकान्यात. आणि रोज रात्री निघणाऱ्या बॅकअपच्या चार प्रतींत. जन्मतारखेच्या शेजारी कागदपत्राचा प्रकार, नाव, आणि त्याच्या सेल्फीची लिंक. ती लिंक उघडून बघितली तर अजून चालू होती. स्क्रीनवर त्याचा चेहरा, मागे आमच्या गाळ्याचा पंखा.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मलाही सुचेना. हा त्याचा एकट्याचा, चाचणीचा पासपोर्ट होता. महिन्याभराने याच सात जागी हजारो माणसांचे चेहरे असते, आणि ते कुठल्या साइटवर आले होते हे शेजारीच लिहिलेलं असतं. कुणाचंही लग्न, नोकरी, इभ्रत यावर मोडू शकते.

दुरुस्तीला अडीच दिवस लागतील असं दिसतंय. ठरवलं ते असं. कंपनीला सांगून उत्तराचा साचा बदलून घ्यायचा: फक्त हो किंवा नाही, पद्धत, आणि वेळ. जन्मतारीख आमच्याकडे येताच कामा नये. तरीही आलीच तर दारातच गाळायची: या तीन रकान्यांखेरीज जे येईल ते न वाचता टाकून द्यायचं. चुका पकडणाऱ्या सेवेला विनंतीचा मजकूर पाठवणं बंद. जुने लॉग आणि चारही बॅकअप पुसायचे.

काय साठवायचं याची यादी आम्ही पहिल्या दिवशीच केली होती, काय साठवायचं नाही याची केलीच नव्हती. हे काम अंगावर घेणाऱ्याने ही दुसरी यादी आधी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि ती पाळली जातेय का ते स्वतःच्या जन्मतारखेचा शोध मारून बघावं.

२८ जून, शनिवार

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काल टेक्सस राज्याचा वय तपासणीचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. जिथे एक तृतीयांशाहून जास्त मजकूर अल्पवयीनांना अपायकारक असेल, त्या साइटला तिथे वय तपासावं लागतं. गिऱ्हाइकाचा लगेच निरोप, तेही याच पैशांत बसवा. नाही म्हणालो. तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, २५ जुलै तोंडावर. तूर्त त्यांनी टेक्सससाठी साइट बंद ठेवली.

६ जुलै, रविवार

आषाढी. ताई तासगावहून आली होती, सोबत धाकटा भाचा. पंधरा वर्षांचा, यंदा दहावीला. आमच्या चाचणीच्या साइटवर खरी चित्रं नाहीतच. त्यांच्या जागी आयर्विन पुलाचे, हळदीच्या पोत्यांचे आणि बेदाण्याच्या शेडचे फोटो टाकलेत. म्हणून त्याला म्हटलं, कॅमेरा सुरू न करता आत जाऊन दाखव. त्याचा चेहरा मात्र यंत्राला दाखवायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. ताईला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, पण लहान पोराचा चेहरा बाहेरच्या कंपनीकडे पाठवायचं काहीच कारण नव्हतं.

साबुदाण्याची खिचडी ताटलीत यायच्या आत तो म्हणाला, "मामा, दार कशाला वाजवायचं? खिडकी उघडीच हाय की."

त्याने पानाची लिंक स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवली. लिंकखाली छोटं चित्र आपोआप उमटलं: आयर्विन पूल. मग त्या चित्राचा पत्ता दुसऱ्या ब्राउझरमध्ये घातला, अख्खा पूल दिसला. पुढे पत्त्यातला आकडा एकेकाने वाढवत गेला. हळद, बेदाणे, हळद.

आम्ही कुलूप पानाला लावलं होतं. चित्रं वेगळ्या सर्व्हरवरून येतात आणि त्यांच्यावर कसलंच कुलूप नव्हतं. अशा साइटवर ज्याच्यासाठी दार बसवायचं तोच आकडे वाढवत बसणार, आणि त्याला हे कुणी शिकवावंही लागत नाही.

रात्री बसलो. लिंकखाली येणारं चित्र बदलून साधं बोधचिन्ह ठेवलं. प्रत्येक चित्राच्या पत्त्याला पाच मिनिटांनी बाद होणारी सही, म्हणजे हा पत्ता आम्हीच दिला याची खूण, जोडली, आकड्यांच्या जागी अंदाज न बांधता येणारी नावं दिली. सही बसल्यावर दुसरीच अडचण आली. प्रत्येकाचा पत्ता वेगळा झाल्यामुळे कॅश (एकदा आणलेली चित्रं पुन्हा द्यायला जवळ ठेवणारा साठा) निकामी झाली आणि साइट रांगायला लागली. सही कडेच्या सर्व्हरवर (बघणाऱ्याच्या जवळचा, चित्रं पुरवणारा) तपासायची, आणि कॅश मात्र सही वगळलेल्या पत्त्याने ओळखायची, असं केल्यावर सुटलं. दोन रात्री गेल्या.

९ जुलै, बुधवार

बारीक चुकांचा दिवस. माझ्या कोडमध्ये १८ वर्षं म्हणजे १८ गुणिले ३६५ दिवस असा हिशेब एका जागी राहिला होता. लीप वर्षांचे दिवस धरले नाहीत की माणूस चार-पाच दिवस आधीच सज्ञान ठरतो. आता जन्मतारीख आमच्याकडे येतच नाही, म्हणून ते कोडच काढून टाकलं.

तपासणी झाल्यावर ब्राउझरला जे टोकन, म्हणजे आत सोडायची खूण, देतो त्याची मुदत २४ तास. ती भारतीय वेळेत लिहून जागतिक वेळेत वाचत होतो, म्हणून साडेपाच तास जास्त चालायचं. टोकनात नाव नाही, ईमेल नाही. एक यादृच्छिक आकडा आणि मुदत, बस्स. ते मित्राला पाठवता येऊ नये म्हणून त्याच ब्राउझरपुरतं बांधलं.

आणि एक गंभीर: तपासणीच्या कंपनीकडे माणूस जाताना तो कुठल्या पानावरून आला तो पत्ता सोबत जात होता, कथेच्या नावासकट. वहीचं पहिलं पान उघडून बघितलं. आता मध्ये एक कोरं पान आहे, साध्या नावाच्या डोमेनवर. तिथून पुढे मागचा पत्ता जात नाही. साइटला जोडलेलं डोमेन आहे हे खोदलं तर कंपनीला कळेल, पण कथेचं नाव कळणार नाही. पूर्ण दुहेरी अनामिकता नव्हे ही.

१५ जुलै, मंगळवार

वय तपासणाऱ्या कंपनीचं चाचणीचं बिल आलं. फसलेल्या प्रयत्नांचेही पैसे लावतात, हे करारात होतं आणि आम्ही वाचलं नव्हतं. आमचं कोड फसल्यावर आपोआप तीनदा परत विचारत होतं. १४ हजार ६०० रुपये खिशातून गेले. आपोआप विचारणं बंद केलं.

१९ जुलै, शनिवार

इकडच्या बाजूचं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. म्हणून गिऱ्हाइकाचं एकही चित्र आमच्या यंत्रावर घ्यायचं नाही, असं सुरुवातीलाच लेखी ठरवलंय. खरा मजकूर त्यांची माणसं तिकडूनच चढवतात, आम्ही हळद-बेदाण्यावर काम करतो. भारतातून कुणी आलं तर साइट उघडत नाही.

भागीदाराने विचारलं, उद्या इथल्या कुणाला असं दार हवं असेल तर आधार चालेल का? सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारं आधार कायद्याचं कलम ५७ त्यांच्यापुरतं रद्द केलं. पुढे स्वखुशीने देण्याची सोय आली, ऑफलाइन फाइल आहे, क्यूआर आहे. पण त्या फाइलमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो असं सगळं येतं, आणि आम्हाला हवं असतं फक्त 'हो'.

संध्याकाळी एसटी स्टँडजवळ झेरॉक्स काढायला गेलो. दुकानदाराच्या टेबलाखालच्या खोक्यात रद्दी होती, खराब निघालेल्या प्रती. वरच्याच कागदावर एका बाईचं आधार, पूर्ण बारा आकडे, पत्त्यासकट. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने आमचा हिशेब मांडला. मी त्याला म्हटलं, "दादा, हे फाडून टाका." त्याने लगेच फाडलं, बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मिळतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या काउंटरवर तसा कागद चिकटवून आलो.

२५ जुलै, शुक्रवार

ब्रिटनमध्ये मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. दोघंही गाळ्यात होतो, बाहेर पावसाची झड. दार चालू केलं. पहिल्या तासात आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक तपासणी न करता परत गेले. गिऱ्हाइकाला याची कल्पना दिली होती, तरी त्याचा आवाज पडला. व्हीपीएन लावून बाहेरच्या देशातून आल्यासारखे येणारेही दुपारपर्यंत वाढले. एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा दाखवून दुसऱ्या एका ठिकाणची तपासणी लोकांनी फसवल्याच्या बातम्या आहेत. आमच्या कंपनीला विचारलं, त्यांनी डोकं वळवायला लावणारी पायरी सक्तीची करून दिली.

२७ जुलै, रविवार

'टी' नावाच्या अमेरिकन अॅपची बातमी. बायकांसाठीचं अॅप, बाई असल्याची खात्री करायला सेल्फी आणि ओळखपत्र घ्यायचे. सुमारे ७२ हजार चित्रं बाहेर पडली, त्यात १३ हजारांच्या आसपास सेल्फी आणि ओळखपत्रं. जुन्या साठ्यात राहिलेली. फुटलं ते उघड झालं, तो दिवस आम्ही दार चालू केलं तोच.

भागीदाराने काही न बोलता पुन्हा स्वतःच्या जन्मतारखेचा शोध मारला. एका जागी सापडली. जूनमध्ये मी माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलेली लॉगची एक फाइल, जी मी विसरून गेलो होतो. त्याच्यासमोर पुसली.

३१ जुलै, गुरुवार

हिशेब. तीन आठवडे सांगितले होते, जवळपास आठ लागले. ठरलेले १ लाख ८० हजार मिळाले. त्यातून चाचणीचे १४ हजार ६०० आणि वकिलांच्या सल्ल्याचे ६ हजार गेले. पुन्हा असं काम आलं तर दुप्पट सांगेन, आणि पहिला आठवडा फक्त वाचायला ठेवेन.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वही बंद केली होती, आज परत उघडली. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपने सांगितलंय की साधारण ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. तपासणीच्या यंत्रणेतून नव्हे. वय चुकीचं धरलं म्हणून ज्यांनी दाद मागितली, त्यांचे कागद ग्राहक मदतीचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे होते.

वाचल्यावर पोटात गोळा आला. आमच्या पानावरही खाली ओळ आहे, 'अडचण आल्यास आम्हाला लिहा'. ती मेलपेटी गिऱ्हाइकाची, पण बसवून आम्ही दिली. आम्ही तिथे कधी कागद मागितले नव्हते. त्यांना पेटी चाळायला सांगितलं. जुलैपासून एकोणीस मेल जोडपत्रांसकट आलेले: पासपोर्ट, वाहन परवाने. न मागता लोकांनी पाठवलेले. एकाने लिहिलं होतं, मी एकसष्ट वर्षांचा आहे, हात थरथरतो म्हणून कॅमेऱ्यात चेहरा स्थिर राहत नाही, कृपया हे बघा आणि मला सांगा.

त्याला उत्तर पाठवायला लावलं: परवाना पुसलाय, क्रेडिट कार्डाचा मार्ग आहे, तो कसा वापरायचा ते असं असं. बाकी अठरा जणांनाही तेच. पेटी रिकामी केली, तिची बॅकअप प्रतही. मेलऐवजी आता साधा अर्ज आहे, त्याला फाइल जोडायचं बटणच नाही. वर मोठ्या अक्षरात एक ओळ: कृपया ओळखपत्र पाठवू नका. थरथरत्या हातांसाठी 'फोन टेबलावर टेकवून ठेवा' ही ओळ कॅमेऱ्याच्या पानावर आज रात्री घालतोय.